गैलानच्या बेड्या

सैदा, २४ एप्रिल

रमीझ,

हे पत्र घेऊन येणारा नासीफ म्हणजे आपल्या शेजारच्या बदीआचा भाचा. तो तुमच्या गोथेनबर्गला कामाला निघाला आहे. त्याला दारात उभं ठेवू नकोस, आत घे आणि चहा दे. त्याच्या हाती नारिंगीच्या फुलांच्या पाण्याची बाटली दिली आहे. विमानतळावर कोणी काढून घेतली नाही तर ती तुझी. पत्र वाचायचं नसलं तरी बाटली फेकू नकोस. फुलं मी स्वतः निवडली आहेत आणि पाठ अजून दुखते आहे.

फोन करत नाही, कारण फोनवर माझा आवाज चढतो आणि तू ठेवून देतोस. शिवाय तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस असं नासीफ माझा फोन बघून म्हणतो. असेना का.

मी काही मागायला लिहीत नाहीये. आधीच सांगते, म्हणजे कपाळाला आठ्या पडायला नकोत. एक गंमत झाली आहे, आणि ती ज्याला सांगावी असा या घरात कोणी उरलेला नाही, म्हणून तुला सांगते आहे.

मागच्या महिन्यात रोज दुपारी भिंतीपलीकडून, बदीआच्या स्वयंपाकघरातून, पुरुषाचा आवाज यायचा. भारदस्त, संथ, जुन्या शुद्ध भाषेत बोलणारा. मध्येच थांबायचा, उसासा टाकायचा, पुन्हा सुरू व्हायचा. बदीआचा नवरा जाऊन किती वर्षं झाली तुला माहीत आहे. मी मनात म्हटलं, साठी उलटल्यावर या बाईला हे काय सुचलं! रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसते आणि घरी हे! चार दिवस मी दम धरला. पाचव्या दिवशी खजुराच्या वड्यांची बशी घेतली आणि सरळ तिच्या स्वयंपाकघरात शिरले.

बदीआ एकटीच शेंगा सोलत बसली होती.

"कुठे आहे?" मी विचारलं.

"कोण कुठे आहे?"

"रोज दुपारी बोलतो तो."

बदीआ अशी हसली की मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या. "अगं बाई, तो होय! तो मोसूलचा एक गृहस्थ आहे. बिचारा मला ओळखतसुद्धा नाही."

"ओळखत नाही आणि रोज येऊन बोलतो?"

"माझ्याशी नाही गं मेले, पुस्तक वाचतोय तो!" आणि कांद्याच्या टोपलीला टेकवून ठेवलेला फोन तिने माझ्यापुढे धरला.

तुला हे माहीत असेल, तुम्ही तिकडे पुढारलेले. मला नव्हतं. फोनवर एक जागा आहे. ज्यांचे लिहिणारे कधीच मातीत गेले आणि ज्यांच्यावर आता कोणाचा हक्क उरला नाही अशी जुनी पुस्तकं लोक आपापल्या घरी बसून मोठ्याने वाचतात आणि तिथे ठेवून देतात. ज्याला हवं त्याने न्यावं. फुकट. एकदा फोनमध्ये उतरवून घेतलं की वीज नको, इंटरनेट नको. बदीआने तिच्या फोनवरून माझ्या फोनवर पाच पुस्तकं घालून दिली आणि खजुराच्या सगळ्या वड्या ठेवून घेतल्या.

रमीझ, माझे हात जन्मात कधी रिकामे नव्हते. पुस्तक धरायला हात लागतात, म्हणून पुस्तक माझ्यासाठी नाही असंच मी धरून चालले होते. कान मोकळे आहेत हे कधी ध्यानातच आलं नाही! आता मी द्राक्षाच्या पानांत भात भरते, कपडे पिळते, जिना धुते आणि कोणीतरी मला गोष्ट सांगत असतो. परवा फुलांचं पाणी काढताना एका व्यापाऱ्याचं जहाज बुडत होतं. झाकणावरचं पाणी गरम झालं की बदलावं लागतं, नाहीतर आतली वाफ थंड होत नाही, हे मी दहा वर्षांची असल्यापासून जाणते. पण तो माणूस फळीला धरून तरंगत होता, मी उठणार कशी? सगळी खेप करपली. आईने पाहिलं असतं तर चिमटा फेकून मारला असता. मी मात्र भांड्यापुढे बसून एकटीच हसत होते. शेवटची कधी अशी हसले होते आठवत नाही.

तुझ्या बाटलीत दुसऱ्या खेपेचं पाणी आहे, काळजी करू नकोस.

बाबा ठीक आहेत. बोलत नाहीत. पण तुझ्याशी ते तसेही कधीपासून बोलत नाहीत, तेव्हा तुला त्याचं काय.

इन्साफ


सैदा, ३ जून

रमीझ,

नासीफने बदीआला सांगितलं की तू चहा दिलास, जिनाही चढू दिलास, इथला रस्ता झाला का, बंदरात मासे मिळतात का, सगळं विचारलंस. बाबांचं नाव काढलं नाहीस. तो निघाला तेव्हा पत्र बाटलीखाली होतं, न उघडलेलं. हे पत्र उघडून वाचत असशील तर आधीचंही उघड, नाहीतर काही कळणार नाही.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट अर्धीच लिहिली. बाबा बोलत नाहीत, कारण त्यांना आवाज नाही. दोन वर्षांपूर्वी घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी गाठीबरोबर आवाजाची पेटीच काढून टाकली. आता गळ्याला भोक आहे, त्यावर मी रोज धुतलेलं फडकं बांधते. तुला कळवू नकोस असं त्यांनी सांगितलं होतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, आवाज होता तेव्हा, त्यांनी जे शेवटचं वाक्य मला ऐकवलं ते हेच. म्हणून मी कळवलं नाही. आता मी म्हातारी झाले, कोणाचं किती ऐकायचं ते मी ठरवणार.

पाटीवर खडूने लिहितात. दोन शब्द लिहितात, पुसतात. काठी एकदा आपटली की हवं, दोनदा आपटली की नको. आणि तुला गंमत सांगू? दवाखान्यात पोरगी दारातून ओरडते, "अबू रमीझ! अबू रमीझ आत या!" आणि ते उठतात. तुला घराबाहेर काढल्यापासून साऱ्या गावाने दिवसातून पन्नासदा तुझ्या नावाने हाक मारली आहे त्यांना. थोरल्या मुलाचं नाव बापाला चिकटतं ते सुटत नाही. त्यांनी कोणालाही कधी टोकलं नाही.

दोन वर्षं ते खिडकीशी बसून होते. रेडिओ लावला की काठी दोनदा. शेजारी भेटायला आले की काठी दोनदा. ज्या माणसाच्या आवाजावर कहवाखान्यातले दोनशे लोक श्वास धरून बसायचे त्याला कोणाचाही आवाज सहन होत नव्हता. मी तरी कशाला त्यांच्यासमोर ते लावते! पण त्या दिवशी मी लसूण सोलत होते आणि फोन ओट्यावरच राहिला होता. मोसूलचा गृहस्थ वाचत होता. मागे बघते तो बाबा दारात उभे, भिंतीला धरून. किती वेळ उभे होते देव जाणे. मी बंद करायला हात पुढे केला तर काठी दोनदा. मग खुर्ची ओढून बसले. धडा संपल्यावर पाटी मागितली आणि लिहिलं, "याला उंच खुर्ची द्या."

कथेकऱ्याची खुर्ची देऊ करणं ही केवढी शाबासकी आहे ते तुला कळेल. तुला स्वतःला ती कधी मिळाली नव्हती.

आता आम्ही दोघं रोज ऐकतो. काही पुस्तकात धडा बदलला की वाचणारा बदलतो. ओरानची एक मुलगी आहे, ती फार घाईत असते. बाबांनी लिहिलं, "हिच्या मागे कुत्रं लागलंय का?" एक म्हातारा दर पानाला खोकतो, त्याच्यासाठी लिहिलं, "याला कोणी लिंबाचं पाणी द्या रे." मी हसून हसून लोळते आणि बाबांचे खांदे हलतात. आवाज नाही, पण ते हसतातच.

"किती घेतात?" त्यांनी एकदा विचारलं.

"काही नाही. फुकट वाचतात."

"वेडे आहेत?" असं लिहिलं. मग ते पुसलं आणि लिहिलं, "मीही वाचलं असतं."

त्यांना आता फोनवरची अक्षरं दिसत नाहीत, म्हणून मी वाचून दाखवलं की हे पुस्तक आजवर चाळीस हजार लोकांनी ऐकलं आहे. त्यांनी लिहिलं, "खोटं." मी म्हटलं, "बाबा, इथे लिहिलंय, मी कशाला खोटं सांगू?" त्यांनी फोन हातात घेतला आणि डोळ्यांना लावून बघायला लागले. दिसत नव्हतं तरी बघत होते.

मला त्या वेळी तुझं वाक्य आठवलं. तुला आठवतं? "हे आता कोण ऐकतं?" रमजानची रात्र होती, कहवाखाना भरलेला होता आणि तू कहवाखान्याच्या मालकाला, हाज मिस्बाहला, पटवून आणलेला तो टीव्ही कोपऱ्यात लावून ठेवला होतास. बाबा उंच खुर्चीत होते. मालिका सुरू झाली आणि तू त्यांना सगळ्यांसमोर म्हणालास, "बाबा, अर्धा तास थांबा. हे आता कोण ऐकतं?"

मी तिथे नव्हते. बायका कहवाखान्यात जात नसत. पण घरी आलेला माणूस मी पाहिला.

इन्साफ


सैदा, २५ जुलै

रमीझ,

पोस्टाने टाकते आहे, पोचलं तर पोचलं.

बाबांनी कपाट उघडायला लावलं. वरच्या खणातलं, जिथे तू लहानपणी डोकं आपटून घेतलं होतंस ते. बाबा कहवाखान्यात सांगायचे त्या गैलानच्या कथेचं पुस्तक आईच्या हिरव्या ओढणीत गुंडाळलेलं होतं, टीव्हीच्या त्या रात्री ठेवलं तसंच. कसर लागली नव्हती. मी कपाटात दरवर्षी कडुनिंब ठेवत होते ते बाबांना माहीत नव्हतं. मलाही माहीत नव्हतं की मी ते कोणासाठी ठेवते आहे.

त्यांनी विचारलं, फोनवर गैलान आहे का? मी शोधलं, बदीआने शोधलं. नाही. एवढी पुस्तकं आहेत, आपला गैलान कोणी वाचलेला नाही. मग पाटीवर एकच शब्द आला, "वाच."

"मी? बाबा, माझा आवाज म्हणजे कोळणीचा आवाज!"

काठी एकदा.

तेव्हा तुझी बहीण आता कथेकरी आहे, ऐकून घे. जुलैच्या उकाड्यात मी कपड्यांच्या कपाटात डोकं घालून वाचते, कारण रजयांमध्ये आवाज घुमत नाही असं त्या जागेवर सूचना लिहिणाऱ्याने म्हटलं आहे. गल्लीतला जनरेटर बंद असेल, अजान झालेली असेल आणि भाजीवाला गेला असेल एवढाच वेळ मिळतो. बाबा मागे खाटेवर बसतात. चुकलं की काठी. घाई केली की काठी. "इथे थांब. त्यांना घाबरू दे," असं पाटीवर लिहून दाखवतात. पहिला आठवडा मी रोज रडले. दुसऱ्या आठवड्यात मी वाचत असताना बदीआ भांडी घासायची थांबली, तेव्हा बाबांनी मान हलवली.

तिथला नियम असा की धड्याच्या सुरुवातीला पुस्तकाचं नाव आणि वाचणाऱ्याचं नाव सांगायचं. बाबांना ते पटेना. "आधी पैगंबरांना सलाम," त्यांनी लिहिलं, "मग श्रोत्यांना. मग तू." बरं म्हटलं. मी वाचलं, "वाचणारी इन्साफ, हिकमत कथेकऱ्याची मुलगी." काठी दोनदा. पुन्हा तेच वाचलं, पुन्हा दोनदा. शेवटी वैतागून मी म्हटलं, "मग काय म्हणू?" त्यांनी पाटी पुसली आणि लिहिलं, "अबू रमीझची मुलगी."

प्रत्येक धड्याच्या आधी मी तुझं नाव घेते, रमीझ. जगात जो कोणी गैलान ऐकतो तो आधी तुझं नाव ऐकतो. हे बाबांनी केलं आहे, मी नाही.

आता वाईट बातमी. गाठ परत आली आहे, आणि या वेळी ती एकाच जागी नाही. डॉक्टर तरुण आहे, माझ्याकडे न बघता बोलला. हिवाळा दिसेल असं त्याला वाटत नाही.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की काही मागत नाही. आता मागते. ये.

इन्साफ


सैदा, ३० सप्टेंबर

रमीझ,

तू आला नाहीस. उत्तरही नाही. पण मी तुला एक गोष्ट विचारणार आहे, आणि त्याआधी जे झालं ते नीट सांगणार आहे.

आम्ही त्या धड्याला पोचलो. गैलानला त्याच्याच भावाने दगा दिला, त्याला विहिरीत उतरवलं, हातापायांत बेड्या घातल्या, वर दगड सारला. मी ते वाचलं आणि पान उलटलं, तर काठी दोनदा. संपलं. बाबांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि मिटलं.

बदीआला कळेना. "पुढे सुटतो ना तो? मग वाच की!" मी तिला सांगितलं की कथेकरी इथेच थांबतो. नायक बेडीत पडला की त्या दिवसाची कथा बंद. लोक चिडून घरी जातात, त्यांना झोप येत नाही, आणि त्यातला कोणीतरी उठून कथेकऱ्याच्या घरी येतो, दार वाजवतो आणि म्हणतो, "अबू रमीझ, त्याला सोडव, मला झोपू दे." मग कथेकरी त्याला आत घेतो, कॉफी देतो आणि दिव्यापाशी बसून नायकाला सोडवतो. आपल्या दारावर थापा पडल्या की आई उठून कॉफी ठेवायची, आणि आपण दोघं पांघरुणातून ऐकायचो. फुकटात.

टीव्हीच्या त्या रात्री बाबांनी गैलानला याच विहिरीत सोडलं होतं. पुस्तक मिटून घरी आले, आईला कॉफी ठेवायला सांगितली आणि दाराकडे तोंड करून बसले. कोणी आलं नाही. सगळे मालिका बघत होते. पहाटे त्यांनी पुस्तक आईच्या ओढणीत गुंडाळलं. तू दुसऱ्या दिवशी आलास, तेव्हा त्यांनी तुझी बॅग बाहेर ठेवली. तुला वाटतं ते टीव्हीमुळे. नाही रे. तू दार वाजवलं नाहीस म्हणून.

तर आता. मी तो धडा त्या जागेवर चढवला आणि पुढचा चढवलाच नाही. आठवड्यात लोक लिहायला लागले. खाली लिहायची सोय असते. अम्मानची एक शिक्षिका लिहिते, "बाई, आम्हाला झोप नाही, गैलानला बाहेर काढा." ओरानची ती घाईवाली मुलगी लिहिते, "मी स्वतः येऊन दगड सारू का?" मोसूलच्या गृहस्थाने लिहिलं, "अबू रमीझ, जुन्या रिवाजाने दार वाजवतो आहे." मी एकेक वाचून दाखवलं. बाबांनी डोळे मिटले होते आणि पाणी कानापर्यंत वाहत होतं. तीस वर्षं उशिरा का होईना, लोक दारात आले. मी इतकी खूश होते की काय सांगू! म्हटलं, "बाबा, वाचू पुढचा धडा?"

काठी दोनदा.

मला वाटलं, त्यांना आणखी थोडं वाट बघायला लावायचं आहे. कथेकरी आहेत, मिजास असणारच. मग एक दिवस एक ओळ आली. नाव नाही, गाव नाही. "गैलानला पाणी तरी दिलं का?"

मी वाचली आणि पुढच्या ओळीवर गेले. काठी एकदा. पुन्हा वाचली. काठी. तीनदा वाचायला लावली. मग मलाही आठवलं. लहानपणी दर वेळी गैलान विहिरीत पडला की पांघरुणातून एकच प्रश्न यायचा. बाकीच्या पोरांना तलवार, घोडा, सूड. तुला पाणी.

बाबांनी पाटी मागितली. लिहिलं, "दिलं." ते मला तिथे टाकायला लावलं. इतक्या लोकांत त्यांनी उत्तर दिलं ते फक्त त्या एकाला. मग त्याखाली आणखी एक शब्द लिहिला, "दार." आणि खाट फिरवायला लावली, दाराकडे तोंड करून.

तो तू होतास ना? एवढंच विचारायचं होतं.

पण रमीझ, फोनवर ओळ लिहिणं म्हणजे दार वाजवणं नाही. मोसूलच्या माणसाला ते चालेल, त्याच्याकडे दुसरा मार्ग नाही. तुझ्याकडे आहे. विमान आहे, पाय आहेत, घर माहीत आहे. ते थांबले आहेत. ते फार दिवस थांबू शकणार नाहीत.

इन्साफ


सैदा, ५ डिसेंबर

रमीझ,

नासीफने तुला फोन करून सांगितलंच आहे, तेव्हा ती बातमी मी पुन्हा लिहीत नाही. मी रागात आहे. हे पत्र तीनदा फाडलं. या वेळी शिव्या घालायच्या नाहीत असं ठरवून बसले आहे.

शेवटच्या आठवड्यात मी एक केलं. मला वाटत होतं, गैलान बेडीत असताना ते जातील, आणि तसं जाणं त्यांना जड जाईल. मला स्वतःला ते सोसवत नव्हतं. एका दुपारी ते ग्लानीत होते तेव्हा मी पुस्तक काढलं, पुढचं पान उघडलं आणि हळू आवाजात सुरू केलं, "विहिरीवरचा दगड हलला..." तेवढंच. त्यांचे डोळे मिटलेलेच होते. काठी उचलायची ताकद नव्हती. पण हात चादरीवरून सरकत सरकत आला आणि पानावर पडला. मी म्हटलं, "बाबा, सोडवू या ना त्याला." हात तसाच. मी तो उचलला नाही. तोपर्यंत मला वाटत होतं की गैलानला बेडीत ठेवून जायची त्यांना भीती आहे. तसं नव्हतं. गैलान सुटला असता तर तुला यायचं कारण उरलं नसतं. त्यांनी तुझ्यासाठी तो राखून ठेवला होता.

दोन दिवसांनी, सकाळी, मी फडकं बदलत असताना ते गेले. तोंड दाराकडे होतं.

तीन दिवस लोक येत होते. कडू कॉफी मी आणि बदीआने केली. हाज मिस्बाहला मुलांनी धरून आणलं. कहवाखान्यातले जे सात-आठ म्हातारे उरले आहेत ते भिंतीला लागून बसले होते. मग मिस्बाह म्हणाला, "इन्साफ, पोरी, माझ्या नातवाने मला फोनवर ऐकवलं. तू बरी वाचतेस. बापासारखी नाहीस, पण बरी." आणि त्याने कप खाली ठेवला. "त्या रात्री टीव्ही बंद केला असता तरी चाललं असतं. आम्ही सगळेच बसून राहिलो. तुझा भाऊ तरी पोर होता." मग त्याने विचारलं, "त्याला सोडवणार ना आता? आज सोडव. इथे सगळे आहोत."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. पुस्तक मागच्या खोलीत होतं. मी उठले, आत गेले, पुस्तकावर हात ठेवला आणि परत येऊन म्हटलं, "नाही."

"का गं?"

"अजून एकाने दार वाजवायचं आहे."

मग एकाने हात वर करून फातिहाची प्रार्थना म्हटली, आणि ते उठून गेले. कोणी रागावलं नाही. रिवाज त्यांना माहीत आहे.

तिकडे फोनवर लोक अजून लिहितात. शेकडो झाले आहेत. ओरानची मुलगी आता चिडली आहे. मी रोज वाचते आणि कोणालाच उत्तर देत नाही. बदीआ म्हणते, "तू फार दुष्ट आहेस." असेन. संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरात बसून आम्ही दोघी मोसूलच्या माणसाचं नवीन पुस्तक ऐकतो. चांगलं आहे. परवा एका जागी मला हसू आलं, आणि मी मागे वळून बघितलं, खांदे हलतात का ते.

तू बापाच्या मातीला आला नाहीस. ते मी माफ करू शकेन की नाही मला माहीत नाही. तू आलास की बघू. कदाचित दारातच भांडेन. मग कॉफी ठेवीन.

पुस्तक उघडंच ठेवलं आहे, बाबांचा हात होता त्या पानावर. वर त्यांची जपमाळ ठेवली आहे, वाऱ्याने पान उलटू नये म्हणून. खाटेचं तोंड मी फिरवलेलं नाही. गैलान विहिरीत आहे. पाणी दिलेलं आहे.

दारावरची घंटी चालत नाही, वीज नसते. हातानेच वाजव.

इन्साफ, अबू रमीझची मुलगी